स्प्रिंग कडक करण्याआधी: वेगवान इंजिनाच्या व्हॉल्व्ह यंत्रणेविषयी

माझ्या कामाच्या टेबलावर सोळा जुन्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा, म्हणजे इंजिनात हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या झडपांच्या स्प्रिंगा, ओळीने उभ्या आहेत. प्रत्येकीच्या बुडाशी एक चिठ्ठी असून तिच्यावर दोन आकडे लिहिलेले आहेत: व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग देते तो दाब आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर देते तो दाब. चौदा स्प्रिंगांचे बंद अवस्थेतले दाब १९.५ ते २० किलोंच्या दरम्यान भरले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट बाजूच्या दोन मात्र १७ किलोंच्या वर जायला तयार नाहीत. हातात घेऊन कितीही निरखल्या तरी या दोघींत आणि बाकीच्या चौदांत काडीचाही फरक दिसत नाही. माझ्या १.६ लिटरच्या, दोन कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या, उंचवटे असलेल्या दांड्यांच्या) इंजिनाला मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची मर्यादा मुळातच आहे. पण ते ६,९०० लाच धाप लागल्यासारखे अडखळू लागले होते आणि आवाजात एक कोरडी खडखड येत होती. तिचे कारण या दोन चिठ्ठ्यांवर लिहिलेले आहे.

हे मोजमाप करण्याची सवय मला उशिरा लागली. याआधीच्या इंजिनात असाच त्रास सुरू झाला तेव्हा मी काहीही न मोजता, मिळतील त्यांतल्या सर्वांत कडक स्प्रिंगा आणून बसवल्या होत्या. वरच्या फेऱ्यांतली खडखड थांबली आणि मला वाटले, काम फत्ते झाले. एका हंगामानंतर व्हॉल्व्ह कव्हर उघडले तेव्हा कॅमच्या दोन उंचवट्यांच्या टोकावर बोटाच्या नखाला लागतील असे खड्डे पडलेले होते आणि बकेटांच्या (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या वाटीसारख्या टोप्यांच्या) माथ्यावरची चकाकी जाऊन तिथे राखाडी चट्टे उमटले होते. स्प्रिंगचा वाढलेला दाब तेलाच्या थराने सोसला नव्हता. त्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की, इंजिनाचे फेरे वाढवायचे असतील तर स्प्रिंगकडे सर्वांत शेवटी वळावे. आधी हलणाऱ्या भागांचे वजन कमी करावे आणि त्याच्याही आधी, आहे ते सारे मोजून वहीत लिहावे. या मतामागचा हिशेब येथे मांडतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरते. इंजिन ८,००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ४,००० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमची उघडीप क्रँकच्या २८० अंशांची धरली, तर उघडून, दहा मिलिमीटर आत जाऊन, पुन्हा सीटवर (मिटल्यावर बसण्याच्या कड्यावर) टेकण्यापर्यंतचा सारा प्रवास एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम सहापटीत उरकावा लागतो. या प्रवासात स्प्रिंगचे काम नेमके कोणते, याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो, आणि माझाही होता. स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते एवढेच आपण धरून चालतो. पण तिची खरी कसोटी व्हॉल्व्ह उघडत असतानाच लागते. कॅम व्हॉल्व्हला जोराने आत ढकलतो आणि अर्ध्या वाटेनंतर त्याचा वेग कमी व्हावा लागतो, कारण उंचवट्याच्या टोकावर त्याला क्षणभर थांबून मागे फिरायचे असते. कॅमला फक्त ढकलता येते, मागे ओढता येत नाही. म्हणून धावत्या व्हॉल्व्हला लगाम घालण्याचे काम एकट्या स्प्रिंगवर येऊन पडते. तिचा जोर कमी पडला की बकेट कॅमपासून सुटते, टोकावरून हवेत झेपावते आणि उताराच्या बाजूवर कुठेतरी आदळते. मग व्हॉल्व्हही सीटवर अलगद टेकण्याऐवजी आपटून उसळतो. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. सिलिंडर नीट बंद न झाल्याने ताकद कमी होते हा त्यातला सौम्य परिणाम आहे. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भिडणे, रिटेनरला (स्प्रिंगचे वरचे टोक धरणाऱ्या चकतीला) तडा जाणे, ती चकती व्हॉल्व्हच्या दांड्याला अडकवून ठेवणारे कॉटर निसटून अख्खा व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडणे हे परिणाम इंजिन संपवणारे आहेत.

लगामासाठी लागणारा जोर हलणाऱ्या वजनाच्या सरळ प्रमाणात वाढतो, पण फेऱ्यांच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सगळे दुखणे या वर्गात आहे. मर्यादा ७,२०० वरून ८,५०० वर न्यायची म्हणजे फेरे अठरा टक्क्यांनी वाढवायचे. जोर मात्र ३९ टक्क्यांनी अधिक लागतो. तो सारा स्प्रिंगकडून वसूल करायचा ठरवला तर कॅम, बकेट आणि टायमिंग चेन यांच्यावर तेवढा बोजा पहिल्या फेऱ्यापासून पडतो. इंजिन मंद चालत असताना तर तो अधिकच जाचतो, कारण तेव्हा टोकावर स्प्रिंगच्या दाबाला तोलणारे जडत्व जवळजवळ नसते आणि तेलाचा थरही पातळ असतो. माझ्या जुन्या कॅमवरचे खड्डे वेगात पडले नव्हते, ते गाडी सिग्नलला उभी असताना पडत होते, हे मला या हिशेबातून उमगले.

म्हणून या वेळी मी दागिन्यांच्या वजनकाट्यावर एका इनलेट व्हॉल्व्हचा सगळा संसार मांडला. व्हॉल्व्ह ४२ ग्रॅम, बकेट आणि तिच्यावरची शिम (फट जुळवायची चकती) मिळून ४० ग्रॅम, रिटेनर १२ ग्रॅम, दोन कॉटर मिळून २ ग्रॅम. स्प्रिंग ४० ग्रॅमची. पण तिचे एक टोक स्थिर असल्यामुळे तिच्या वजनाचा तिसरा हिस्साच हलणारा धरायचा असतो, म्हणजे १३ ग्रॅम. एकूण १०९ ग्रॅम. शिम बकेटच्या वर बसण्याऐवजी खाली, व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसते अशा प्रकारची बकेट घेतल्याने १० ग्रॅम वाचले. दांडा ६ ऐवजी ५.५ मिलिमीटरचा आणि मानेपाशी निमुळता असलेला व्हॉल्व्ह घेतल्याने ६ ग्रॅम वाचले. टायटॅनियमच्या रिटेनरने ५ ग्रॅम वाचवले. बेरीज ८८ ग्रॅमांवर आली. आता गंमत पाहा: १०९ ग्रॅमांना ७,२०० फेऱ्यांवर जो जोर पुरत होता, तोच जोर ८८ ग्रॅमांना ८,००० च्या किंचित वरपर्यंत पुरतो. तिथून ८,५०० गाठायला स्प्रिंग फक्त १२ ते १३ टक्के अधिक जोराची लागते. ३९ टक्के आणि १३ टक्के यांतल्या अंतरात कॅमशाफ्टचे आयुष्य सामावलेले असते. (हा हिशेब कॅमचा आकार तोच ठेवून केलेला आहे, नवा कॅम अधिक उंच किंवा अधिक झटक्याने उघडणारा असेल तर जोराची गरज त्यामानाने वाढते आणि कॅम घडवणाऱ्याने दिलेला दाब हाच प्रमाण मानावा लागतो.)

शिम वर असलेल्या बकेटविषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे. ती टॅपेटचे अंतर, म्हणजे कॅम आणि बकेट यांतली फट, जुळवायला फार सोयीची असते, कारण कॅमशाफ्ट न काढता शिम बदलता येते. परंतु उंच कॅम आणि जास्त फेरे एकत्र आले की कॅमचे टोक शिमच्या कडेवर दाब देते आणि ती आपल्या खोबणीतून निसटू शकते. चालत्या इंजिनात निसटलेली शिम बकेट फोडते, कॅम मोडते आणि कधी हेडचा (सिलिंडरांवरच्या झाकणाचा) तुकडाही पाडते. त्यामुळे वजनाचा प्रश्न नसता तरी मी ही अदलाबदल केलीच असती.

टायटॅनियमची घनता पोलादाच्या जवळपास सत्तावन्न टक्के असते, म्हणून त्याचे आकर्षण स्वाभाविक आहे. पण रिटेनरच्या ज्या कडेवर स्प्रिंग घासते तिथे हा धातू हळूहळू खरवडला जातो, आणि म्हणून टायटॅनियमचे रिटेनर बसवल्यावर ते ठरावीक काळाने काढून तपासण्याची तयारी हवी. रोज चालणाऱ्या गाडीत चांगल्या टूल स्टीलचा, आतून कोरलेला हलका रिटेनर मला अधिक शहाणपणाचा वाटतो. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हच्या वाट्याला मी गेलो नाही. त्यांना जुळणारी सीट वेगळी लागते, दांड्याच्या टोकाला कडक टोपी किंवा लेप लागतो आणि एवढे करून ते झिजतातच. एक्झॉस्ट बाजूला उष्णतेचा प्रश्न वजनापेक्षा मोठा असतो. तिथे पोकळ दांड्यात सोडियम भरलेले व्हॉल्व्ह दोन्ही कामे करतात: ९८ अंश सेल्सिअसला वितळलेले सोडियम दांड्यात वरखाली हिंदकळत माथ्याची उष्णता गाइडकडे (दांडा ज्या नळीत सरकतो तिच्याकडे) पोचवते आणि पोकळीमुळे वजनही उतरते. असा व्हॉल्व्ह निकामी झाला तरी तो कधीही कापू नये; सोडियमला पाणी लागताच ते पेट घेते.

पुशरॉड असलेल्या इंजिनात, म्हणजे कॅम खाली असून लांब काठी आणि रॉकर नावाची तरफ यांच्यामार्फत व्हॉल्व्ह ढकलला जातो तिथे, हे गणित थोडे निराळे चालते. रॉकरच्या व्हॉल्व्हकडील बाजूचा प्रत्येक ग्रॅम पूर्ण मोजावा लागतो. कॅमकडील बाजूच्या वजनाला मात्र रॉकरच्या गुणोत्तराच्या वर्गाने भागायचे असते. तिथे पुशरॉड हलका करण्यापेक्षा जाड आणि ताठ केलेला बरा, कारण वाकणारा पुशरॉड उघडताना ताकद साठवतो आणि टोकापाशी ती सोडून व्हॉल्व्हला नको तेव्हा धक्का देतो. अमेरिकेतल्या नॅस्कार शर्यतींची पुशरॉडची व्ही-८ इंजिने ९,००० फेऱ्यांच्या पुढे चालत आलेली आहेत, तेव्हा पुशरॉड म्हणजे मंद इंजिन हा समज सोडून द्यायला हरकत नाही. हायड्रॉलिक टॅपेटांबद्दल (तेलाच्या दाबाने फट आपोआप जुळवणाऱ्या) एवढेच सांगतो की, व्हॉल्व्ह सुटला की ते मधली फट तेलाने भरून टाकतात आणि मग व्हॉल्व्ह सीटवर बसूच देत नाहीत. फार वर जायचे असेल तर शिम किंवा स्क्रूने जुळवायचे टॅपेट घ्यावेत.

आता स्प्रिंगकडे वळतो. स्प्रिंग म्हणजे केवळ दाब नव्हे, तिलाही स्वतःचे कंपन असते. समजा एखाद्या स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला ४५० आंदोलनांची आहे. कॅमच्या आकारात त्याच्या फेऱ्यांच्या अनेक पटींचे धक्के दडलेले असतात. इंजिन ७,७०० फेऱ्यांच्या आसपास असते तेव्हा कॅमशाफ्ट सेकंदाला सुमारे ६४ वेळा फिरते, आणि त्याची सातवी पट नेमकी ४५० वर येऊन बसते. त्या क्षणी स्प्रिंगच्या मधल्या वेटोळ्यांत लाटा उठतात, वेटोळी एकमेकांवर आदळतात आणि कागदावर पुरेसा असलेला दाब प्रत्यक्षात कधी जास्त तर कधी शून्याकडे झुकतो. त्यामुळे दाब भरपूर असूनही एका ठरावीक पट्ट्यात इंजिन खडखडते आणि त्या पट्ट्याच्या पुढे पुन्हा सुरळीत चालते, असा अनुभव येऊ शकतो. यावर दोन उपाय रुळलेले आहेत. एकात एक अशा दोन स्प्रिंगा बसवल्या की दोघींची वारंवारता वेगवेगळी पडते, आणि आतली बाहेरचीला किंचित घासत असेल तर त्या घर्षणाने लाटा मरतात. दोघींचे वेटोळे उलट दिशांना असावे लागतात, नाहीतर ते एकमेकांत अडकतात. दुसरा उपाय मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, वर निमुळत्या होत जाणाऱ्या बीहाइव्ह स्प्रिंगचा. तिची वरची वेटोळी लहान असल्याने हलणारे वजन घटते, रिटेनरही लहान चालतो आणि दाबली जात असताना तिची वारंवारता बदलत राहते, त्यामुळे लाटेला पाय रोवायला जागा मिळत नाही. माझ्या हिशेबात जोराची गरज थोडीच वाढलेली असल्यामुळे मी बीहाइव्ह निवडली. दोन स्प्रिंगांत एक फायदा आहे तो नाकारत नाही: एक तुटली तरी दुसरी व्हॉल्व्हला पडू देत नाही.

स्प्रिंग बसवतानाच्या मोजमापावर मी दोन रात्री घालवल्या आणि त्या सत्कारणी लागल्या असे मानतो. बसवलेली उंची प्रत्येक व्हॉल्व्हसाठी वेगळी मोजावी लागते, कारण सीट घासलेल्या असतात आणि व्हॉल्व्ह कमीजास्त खोल बसतात. माझ्या हेडमध्ये ती ३४.१ पासून ३४.९ मिलिमीटरपर्यंत पसरलेली निघाली. स्प्रिंगचा दाब मिलिमीटरमागे अडीच किलोंनी वाढत असेल तर एवढ्या फरकाने दोन व्हॉल्व्हच्या दाबांत दोन किलोंचे अंतर पडते. खाली पातळ चकत्या घालून मी सर्व सोळा ठिकाणी उंची ३४.२ च्या आसपास आणली. त्यानंतर पूर्ण उघडलेल्या अवस्थेत वेटोळी एकमेकांना भिडायला किती जागा उरते ते पाहिले. स्प्रिंग २२.९ ला पूर्ण मिटते, नव्या कॅमची उचल (व्हॉल्व्ह उघडतो ते अंतर) १० मिलिमीटर आहे, म्हणजे १.३ मिलिमीटर शिल्लक. ही जागा अगदीच संपली तर कॅम मोडतो. आणि फार सैल सोडली तर लाटांना मोकळीक मिळते. एक ते दीड मिलिमीटर हे माझ्या मते योग्य. आणि स्प्रिंगला पक्कड लावू नये, तिला व्हाइसमध्ये आवळू नये, तिच्यावर कोरून क्रमांक घालू नये. तिच्या तारेवर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा) करून दिलेली कातडी हेच तिचे संरक्षण असते; ओरखडा पडला की धातूचा थकवा तिथूनच सुरू होतो.

इतके मोजूनही एक जागा माझ्या नजरेतून सुटली. इंजिन जोडून झाल्यावर पहिल्या दोन फेरफटक्यांत सारे छान वाटले, पण ८,००० ला स्पर्श करून पाय काढला की मागे निळा धूर दिसू लागला. पुन्हा कव्हर उघडले, कॅम काढले, स्प्रिंगा उतरवल्या. ज्येष्ठ टर्नर मित्राने एक ऑइल सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून तेल उतरू न देणारे रबरी कडे) चिमट्याने उचलून दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "अहो, याच्या डोक्यावर शिक्का बसलाय बघा." रबराच्या वरच्या कडेवर रिटेनरच्या तळाचे स्वच्छ गोल वळ उमटले होते आणि सीलला आवळून धरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग खाचेतून बाहेर लोंबत होती. व्हॉल्व्ह बंद असताना रिटेनर आणि सील यांत १०.५ मिलिमीटर अंतर होते. जुन्या ८.५ मिलिमीटर उचलीला ते पुरेसे होते. नव्या १० मिलिमीटरला अर्धाच मिलिमीटर उरला, आणि वरच्या फेऱ्यांवर व्हॉल्व्हने टोकापाशी घेतलेल्या किंचित अधिक झेपेने तोही खाऊन टाकला. हाताने कॅम फिरवून तपासताना कुठेच काही भिडत नव्हते, कारण हाताने फिरवताना झेप नसते. सर्व गाइडांचे माथे एक मिलिमीटरने उतरवून, आखूड सील बसवल्यावर धूर गेला. आता मी या जागी दीड मिलिमीटरपेक्षा कमी अंतर स्वीकारत नाही.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांतले अंतर मात्र मी आधीच तपासले होते. पिस्टनच्या माथ्यावर चिकणमातीची पातळ पोळी थापायची, हेड तात्पुरते आवळायचे, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि हेड उचलून मातीतल्या ठशाची सर्वांत पातळ जागा मोजायची. इनलेटला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर ही नेहमीची किमान मर्यादा आहे; एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो म्हणून त्याला जास्त जागा. टायमिंग एक दात चुकले तरी हे अंतर पार बदलते, म्हणून कॅमचे अंश डायल गेजने जुळवल्यानंतरच ही मातीची परीक्षा घ्यावी.

स्प्रिंगच्या मर्यादेवर मोठ्या अभियंत्यांनीही आयुष्य घालवले आहे. मर्सिडीज-बेंझने १९५४ च्या डब्ल्यू १९६ या ग्रां प्री गाडीत स्प्रिंगला फाटा देऊन व्हॉल्व्ह मिटवण्यासाठीही कॅमच वापरला. १९५६ मध्ये फाबिओ ताल्योनी यांनी डुकाटीच्या १२५ सीसी शर्यतीच्या मोटरसायकलसाठी तीच वाट घेतली, आणि डुकाटीने ती पुढे आपली ओळखच करून टाकली. रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू आणला. त्याच वाटेने २००६ मध्ये कॉसवर्थचे व्ही-८ इंजिन २०,००० फेऱ्यांपर्यंत पोचले. मला मात्र सर्वांत जास्त आदर होंडाच्या १९९९ च्या एस २००० मधल्या दोन लिटर इंजिनाविषयी वाटतो. ९,००० फेऱ्यांची मर्यादा, ८४ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर, आणि हे सारे साध्या पोलादी स्प्रिंगांवर, रोज चालवायच्या गाडीत.

त्या इंजिनाकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते: तिथे फेरे वाढवले ते हवा वरपर्यंत पुरत होती म्हणून. तुमच्या हेडची आणि मॅनिफोल्डची (हेडला जोडलेल्या नळ्यांची) हवा ६,२०० ला संपत असेल तर व्हॉल्व्ह यंत्रणा कितीही सुधारली तरी पुढचे २,००० फेरे फक्त आवाज आणि झीज देतात. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांनाही तोच वर्गाचा नियम लागू आहे. आणि इलेक्ट्रॉनिक लिमिटरवर सगळा भरवसा टाकू नये. चौथ्या गिअरमध्ये ७,५०० असताना पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला, तर चाकेच इंजिनाला १०,००० च्या पलीकडे ओढून नेतात. लिमिटर इंधन तोडतो, चाके थांबवत नाही. असे एकदा जरी घडले तरी रिटेनर आणि कॉटर काढून भिंगाखाली तपासल्याशिवाय पुन्हा वर जाऊ नये.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही तापण्या-निवण्यांत थोडा दाब सोडतात. माझ्या सोळांपैकी चार मी ८०० किलोमीटरनंतर काढून मोजल्या. प्रत्येकीने अर्धा ते पाऊण किलो सोडला होता आणि चौघींचे आकडे एकमेकांना धरून होते. त्या तशाच परत बसवल्या. कॅमची टोके तेलाने चमकत होती, बकेटांवर एकही चट्टा नव्हता. हंगाम संपला की सोळाही काढून पुन्हा मोजणार आहे. वहीत त्यासाठी रकाने आखून ठेवले आहेत.